दुसरी सही

टल्साला, हँगर नंबर चारमध्ये,
विमान उभं होतं शेपटीचं झाकण उघडून,
आणि आम्ही त्याच्या पोटाखाली हळू बोलत होतो,
कुणी झोपलेलं असल्यासारखे.

पिन एवढीशी. करंगळीच्या दोन पेरांची.
नटच्या खाचेतून बोल्टच्या भोकात घालायची,
मग पाय दुमडायचे, एक इकडे, एक तिकडे.
मग नट थरथरला तरी फिरत नाही.
इतकंच तिचं काम.

डेलबर्ट हॉस्किन्सने नट आवळला पावणेसहाला.
रेंचचा टक् मी स्वतः ऐकला.
पिन पाकिटातून काढली, तेवढ्यात फोन:
बायकोला डायलिसिसला न्यायला गाडी आलीच नव्हती.
शिडी उतरता उतरता तो पुढच्या पाळीच्या वेंडेलला म्हणाला,
झालंच आहे जवळजवळ.
कार्डावर उतरलं: झालं.
जवळजवळला रकाना नव्हता.

दुसरी सही माझी.
शिडी कुणीतरी पलीकडे नेली होती.
मी खालूनच टॉर्च मारला. काहीतरी चमकलं.
शेजारच्या जोडाची तार होती ती.
हे आता माहीत आहे.

बाबा दापोडीच्या एस्टी वर्कशॉपात फिटर, एकतीस वर्षं.
म्हणायचे, डोळा लबाड असतो, बोटाने बघ.
हे मी इथल्या पोरांना इंग्रजीतून सांगत आले,
जणू माझंच वाक्य.
त्या पहाटे थंडी होती. बोटं खिशात होती.

आमच्या भाषेत सही म्हणजे कागदावरचं नाव,
आणि सही म्हणजे बरोबर.
एकाच शब्दात दोन्ही कोंबणारा
कधी रात्रपाळीला आला नसावा.

त्यानंतर ते विमान अकरा दिवस उडालं.
हे ऐकून लोक थबकतात.
त्यांना वाटतं, चूक झाली की लगेच पडतं.
नट केसभर फिरत होता,
डेन्व्हरला केसभर, टाम्पाला केसभर,
लोक बॅगा काढत होते, पायलट दारात उभा राहून
या परत म्हणत होता,
आणि वर शेपटीत, काळोखात,
एक आटा, दीड आटा.

बाराव्या दिवशी, आर्कान्सात, सोयाबीनचं शेत.
एकशे चार माणसं.
यादी मी पाठ केलेली नाही. लोकांना वाटतं केली असेल.
मला फक्त शेत आठवतं, फोटोतलं,
आणि कडेला ज्याचं शेत तो माणूस,
टोपी हातात धरून. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नसावं.

बोल्ट सापडला. आटे शाबूत.
तपासाच्या बाईंनी तो माझ्यासमोर ठेवला, म्हणाल्या,
हा तुटलेला नाही.
नट उलगडत उलगडत निघून गेलाय.
तुटला असता तर, मला वाटलं,
धातूवर राग धरता आला असता.

पिन डेलबर्टच्या बायकोला सापडली,
वॉशिंग मशीनच्या रबराच्या घडीत.
नवी कोरी, पाय सरळ.
सँडविचच्या पिशवीत घालून ती सुनावणीला घेऊन आली,
स्वतः गाडी चालवत, दंडावर पट्टी तशीच.
डेलबर्ट तिच्याकडे बघत नव्हता. मीही नाही.

मला विचारलं, तुम्ही पिन पाहिली होती का?
मी म्हणाले, मी डेलबर्टला पाहिलं होतं.
वीस वर्षं पाहत होते. त्याच्या हातचं काम म्हटल्यावर
कोण शिडी शोधायला जातं?
हे शेवटचं मी मनात म्हणाले.
टंकलेखनाचा आवाज तरी चालूच राहिला.

आता संध्याकाळच्या वर्गाला शिकवते.
जुन्या विमानाची शेपटी आहे, कधीच न उडणारी,
तिच्यावर पोरं नट आवळतात, उतरतात, हात पुसतात.
झालं? मी विचारते.
जवळजवळ, मॅडम.
मी खिशातून हात काढते.
शिडी राहू दे तिथेच.